माझं, तुझं आणि पहिलीचा वर्ग

प्राथमिक शाळेत निबंधाला येणारे विषय आठवून पाहा: ‘माझी शाळा’, ‘माझी आई’, ‘माझा आवडता प्राणी’, ‘माझे गाव’. बालभारतीच्या पहिलीच्या इंग्रजी पुस्तकाचं नावही ‘माय इंग्लिश बुक वन’. मालकी सांगणारा शब्द मुलाला शाळेत पाऊल टाकल्यापासून वहीच्या वेष्टनावर, पुस्तकावर आणि फळ्यावर दिसत असतो. तरीही तिसरी-चौथीत ‘शी इज माय सिस्टर, शी नेम इज पूजा’ म्हणणारी मुलं सापडतात. मुंबई-ठाण्याच्या इंग्रजी शाळांतून मराठी शिकणारी हिंदीभाषक मुलं वर्षानुवर्षं ‘माझा शाळा’ म्हणत राहतात. शिक्षकांच्या प्रशिक्षणात अक्षरओळख, जोडाक्षरं, शब्दसंपत्ती यांना तासच्या तास मिळतात. ‘माझा-तुझा-त्याचा’ मात्र आपोआप येणारी गोष्ट म्हणून सोडून दिली जाते, नाहीतर एका तक्त्यात उरकली जाते.

तक्त्याच्याही आधी नावाचा घोळ आहे. इंग्रजी व्याकरणात मालकीदर्शक सर्वनाम हा वेगळा कप्पा आहे. मराठी व्याकरणात तो नाही. मराठीची मूळ सर्वनामं नऊ: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. ‘माझा’ हे ‘मी’चं षष्ठीचं रूप. ‘रामाचा’ हे जसं रामाचं षष्ठीचं, तसंच. नामाला लागणारे चा-ची-चे हेच प्रत्यय ‘त्याचा, तिचा, आमचा, तुमचा’मध्ये उघड दिसतात, फक्त ‘माझा’ आणि ‘तुझा’ ही दोन रूपं वाकडी चालतात. मो. के. दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आलं. तेव्हापासून शालेय व्याकरणाची मांडणी या विभक्तींच्या वाटेनेच होत आली. इंग्रजीत गोंधळ निराळा आहे. ‘माय’ला आपल्याकडची जुनी व्याकरणं मालकीदर्शक विशेषण म्हणतात आणि ‘माइन’ला सर्वनाम. इंग्लंडच्या २०१४च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ‘माय’ गेला ‘डिटरमायनर’च्या खात्यात, आणि ही दोन्ही नावं मुलांना सांगायची ती चौथ्या वर्षात, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या वयात. माँटेसरीच्या साहित्यात विशेषणाला निळा त्रिकोण आणि सर्वनामाला जांभळा. तिथेही ‘माय’ निळ्यात जातो. एकाच शब्दाला तीन परंपरांत तीन नावं असतील, तर सहा वर्षांच्या मुलाला त्यातलं कोणतंच सांगू नये, हे माझं मत आहे आणि या लेखात ते मी सोडणार नाही.

नाव न सांगता शब्द शिकवायचा, तर आधी मुलाजवळ काय आहे ते पाहावं लागतं. मालकीची कल्पना शाळेने द्यावी लागत नाही. दोन वर्षांचं मूल ‘माझं!’ म्हणून खेळणं ओढतं तेव्हा आपण त्याला हावरट ठरवतो. लॉरा लिव्हाईन यांनी १९८३ साली दोन वर्षांच्या मुलग्यांवर केलेला अभ्यास वेगळं सांगतो: ज्या मुलांची ‘मी कोण’ ही जाण अधिक स्पष्ट होती, तीच खेळण्यांवर हक्क अधिक सांगत होती. स्वतःची हद्द आखण्याचा तो मुलांचा मार्ग होता. रॉजर ब्राऊन यांनी तीन इंग्रजीभाषक मुलांचं बोलणं वर्षानुवर्षं टिपून १९७३ साली ‘अ फर्स्ट लँग्वेज’ हे पुस्तक लिहिलं. त्यांनी तपासलेल्या चौदा रूपांमध्ये मालकीचा ‘अ‍ॅपॉस्ट्रॉफी एस’ सहाव्या क्रमांकावर येतो, म्हणजे शाळेच्या पुष्कळ आधी.

अवघड भाग दुसराच आहे. ‘चेंडू’ म्हणजे चेंडूच, कोणीही म्हटलं तरी. ‘माझा’ म्हणजे कोणाचा हे मात्र बोलणारा बदलला की बदलतं. ऑटो येस्पर्सन यांनी १९२२ साली अशा शब्दांना ‘शिफ्टर’ म्हटलं आणि लहान मुलांना ते का चकवतात हेही नोंदवलं. आई मुलाला ‘तुझा बूट’ म्हणते, म्हणून दीड-दोन वर्षांचं मूल स्वतःच्या बुटाला काही काळ ‘तुझा बूट’ म्हणतं. बहुतेक मुलांत ही उलटापालट तीन वर्षांच्या आत मिटते. लिओ कॅनर यांनी १९४३च्या आपल्या प्रसिद्ध लेखात स्वमग्न मुलांमध्ये ती टिकून राहते हे टिपलं होतं. पहिलीतलं एखादं मूल अजून सातत्याने ‘मी’च्या जागी ‘तू’ म्हणत असेल, तर त्याला रागावण्याऐवजी पालकांशी आणि तज्ज्ञाशी बोलावं.

आता वर्गातला नेहमीचा पाठ डोळ्यांसमोर आणा. बाई नाकाला बोट लावून म्हणतात, ‘माय नोज.’ चाळीस मुलं एका सुरात: ‘माय नोज.’ काही मुलांचं बोट स्वतःच्या नाकावर, काहींचं बाईंच्या दिशेने. बाईंच्या तोंडचं ‘माय’ बाईंचं होतं. मुलांच्या तोंडी ते मुलांचं व्हायला हवं. नुसतं मागून म्हणताना हा बदल घडलाच पाहिजे असं काही नसतं. ‘रंग’, ‘प्राणी’, ‘आकडे’ यांना म्हणून घेण्याची पद्धत चालते, कारण ते शब्द बोलणाऱ्यागणिक बदलत नाहीत. मालकीच्या शब्दांना तीच पद्धत लावली की पाठ होतो आवाज, आणि बोलणारा बदलला की शब्द बदलतो हे मर्म बाहेरच राहतं. पुढची पायरी भाषांतराची: ‘माय म्हणजे माझे, हिज म्हणजे त्याचे, हर म्हणजे तिचे.’ फळ्यावर नपुंसकलिंगी एकवचन लिहिलं जातं आणि मराठीची बाकीची रूपं गडप होतात. ‘माय मदर म्हणजे माझे आई’ असं एखादं चुणचुणीत मूल म्हणतं तेव्हा वर्ग हसतो. मुलाने तक्ता तंतोतंत पाळलेला असतो.

राज्यात जून २०००पासून सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी अनेक पिढ्या पाचवीत तर्खडकरी वळणाने, म्हणजे भाषांतर करत, इंग्रजी शिकल्या होत्या. शिकवणारेही त्याच वाटेने आलेले. पाचवीतल्या, मराठी व्याकरण थोडंफार ठाऊक असलेल्या मुलासाठी बेतलेली पद्धत सहा वर्षांच्या मुलापुढे आली, याचा त्रास जिथे जिथे झाला त्यात हा शब्दवर्ग वरच्या रांगेत आहे.

खरं तर मराठी बोलणारं मूल इथे श्रीमंत असतं. त्याच्या भाषेत ‘माझा भाऊ, माझी बहीण, माझं घर, माझे भाऊ, माझ्या बहिणी, माझी घरं’ अशी रूपं आहेत, आणि पुढे प्रत्यय किंवा शब्दयोगी आला की सगळी ‘माझ्या’त जमा होतात: माझ्या भावाला, माझ्या घरात. घरी मराठी असलेलं चार-पाच वर्षांचं मूल हे सारं बोलतं. त्याला ते ‘शिकवायला’ जाणं म्हणजे वेळ घालवणं. शाळेत त्याला नवं असतं ते लेखन. तोंडी ‘माझं’, पुस्तकात ‘माझे’. पूर्वी ते ‘माझें’ असं अनुस्वारासह छापलं जाई, म्हणजे नपुंसकलिंग निदान डोळ्यांना दिसत असे. १९६२च्या लेखननियमांनी तो अनुस्वार गेला. आज ‘माझे पुस्तक’ आणि ‘माझे मित्र’ यांतले दोन ‘माझे’ कागदावर सारखे दिसतात, बोलताना मात्र मूल पहिल्याला ‘माझं’ म्हणतं आणि दुसऱ्याला ‘माझे’. उच्चाराचीही गंमत आहे. ‘माझा’तला झ आणि ‘माझी’तला झ वेगळे आहेत, ‘त्याचं’मधला च आणि ‘त्याचे’मधला च वेगळे, अक्षर तेच. मूल ‘माझे पुस्तक’ हे अक्षरं लावत वाचतं तेव्हा घरी कधी न ऐकलेला शब्द वाचल्यासारखं ते अडखळतं. पहिली-दुसरीच्या पाठांत ‘माझं’ छापलं तर बिघडतं काय? पात्रांच्या तोंडी बोलीरूप चालेल, अशी मुभा लेखननियमांनीच दिलेली आहे.

हे झालं प्रमाण बोलीजवळच्या घरांचं. महाराष्ट्र त्याहून मोठा आहे. खानदेशात अहिराणी बोलणारं मूल ‘मना भाऊ, मनी बहीण, मनं घर’ म्हणतं. वऱ्हाडात ‘माहा भाऊ, माही बहीण, माहं घर’. शेजारी गोव्याच्या कोकणीत ‘म्हजो भाव, म्हजी भयण, म्हजें घर’. मालवणी मूल तर भावाला ‘माझो’ म्हणतं आणि घराला ‘माझा घर’. वर्गात ते ‘माझा घर’ असं लिहून आणतं तेव्हा बाईंना लिंगाची चूक दिसते. मुलाच्या बोलीत ते रूप नपुंसकलिंगीच आहे, म्हणजे व्याकरण त्याला चोख कळलेलं आहे. चूक आणि बोली यांतला हा फरक न ओळखता लाल शाईने खोडलेल्या वह्या आपल्याकडे किती असतील! या सगळ्या बोलींत तीन लिंगांचा सांगाडा एकच आहे, फक्त प्रत्ययाचा रंग निराळा. शिक्षकाने ‘मना-मनी-मनं’ आणि ‘माझा-माझी-माझं’ शेजारी शेजारी लिहिलं तर मूल स्वतःच जोड्या लावतं. त्याला वेगळा नियम सांगावा लागत नाही.

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गोंडी मुलाचं तसं नाही. ‘माझं’साठी त्याच्याकडे ‘नावा’ आहे, पण गोंडी द्राविडी कुळातली. तिथे पुरुषवाचक नामं एका बाजूला आणि बाकी सगळं दुसऱ्या बाजूला. मराठीची तीन लिंगं त्याला पूर्णपणे नवी असतात. त्याच्या ‘माझा बहीण’ला वेळ द्यावा लागेल, आणि ऐकायला पुष्कळ मराठी द्यावं लागेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला वारली मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा चालवल्या तेव्हा शाळेनेच मुलापर्यंत जायचं हे त्यांनी धरलं होतं. ते तत्त्व भाषेच्या पाठाला लावायचं म्हणजे काय, याचा विचार अजूनही थोड्याच ठिकाणी होतो.

आणखी एक गट मराठी परकी असलेल्या मुलांचा. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. या मुलांची पहिली ठेच ‘माझा-माझी-माझे’च असते, कारण नामाचं लिंग ठाऊक असल्याशिवाय ‘माझ्या पेनाबद्दल’ एक वाक्य बोलता येत नाही. अमेरिकेतल्या मराठी शाळांत येणाऱ्या मुलांचीही अडचण हीच. ‘माझा आई’ तिथल्या पालकांना नवं नाही. यावर तक्ता निरुपयोगी आहे. उपाय एकच: नाम कधीही एकटं शिकवू नये. ‘वही, पेन, डबा’ अशी यादी न देता ‘माझी वही, माझं पेन, माझा डबा’ असंच पहिल्यापासून कानावर पडू द्यावं. लिंग तोंडात बसतं ते या जोडीतून.

एक बारकावा मराठी मुलांकडे आहे आणि इंग्रजीकडे नाही. ‘आमची शाळा’ आणि ‘आपली शाळा’. बाई वर्गात ‘आपली शाळा स्वच्छ ठेवू या’ म्हणतात. तीच मुलं पाहुण्याला ‘आमची शाळा’ दाखवतात. ऐकणारा आत धरायचा की बाहेर, हे पाच वर्षांच्या मुलाला न शिकवता जमतं. इंग्रजीत दोन्हीला ‘अवर’. ‘अवर म्हणजे आमचे’ एवढंच सांगणारे तक्ते इथेही निम्मं काम करतात.

मराठीतून इंग्रजीकडे जाताना काय सोपं आणि काय अवघड, याचा अंदाज घ्यायला कॅनडातलं एक काम उपयोगी आहे. क्यूबेकमधल्या फ्रेंचभाषक मुलांना ‘हिज’ आणि ‘हर’ फार छळतात. फ्रेंचमध्ये रूप वस्तूच्या लिंगावर ठरतं, मालकाच्या नाही. त्यामुळे मुलाची आई म्हणताना ती ‘हर मदर’ म्हणतात, कारण आई स्त्रीलिंगी. जोआना व्हाईट यांनी १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांच्या पाठांत हे शब्द ठळक, मोठ्या अक्षरांत छापले होते. नुसत्या ठळक अक्षरांनी अपेक्षेएवढा फरक पडला नाही. पुढच्या अभ्यासांत मुलांना एक युक्ती दिली: ‘ही वस्तू कोणाची?’ असं आधी स्वतःला विचारा. त्याचा फायदा झाला. ती मुलं अकरा-बारा वर्षांची होती, आपली सहा-सातची, म्हणून निष्कर्ष जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. तरी ‘कोणाची?’ हा प्रश्न उचलायला हरकत नाही.

मराठी मुलाला हा क्यूबेकचा त्रास कमी व्हायला हवा. ‘त्याची आई’, ‘तिचा भाऊ’ यांत मालकाचं लिंग शब्दाच्या पहिल्या भागात आणि वस्तूचं लिंग शेवटात, दोन्ही हजर असतात. इंग्रजीत जाताना फक्त शेवट सोडून द्यायचा. हिंदीतलं ‘उसका’ मालक पुरुष की स्त्री हे सांगत नाही, त्यामुळे हिंदी मुलापुढचं काम जास्त. तीच गोष्ट ‘अ‍ॅपॉस्ट्रॉफी एस’ची. दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांना तो उशिरा येतो, असं १९७०च्या दशकातले अभ्यास सांगत आले. लक आणि शिराई यांनी २००९ साली दाखवलं की जपानी, कोरियन, चिनी बोलणाऱ्यांना तो लवकर येतो, कारण त्यांच्या भाषांतही मालक आधी, मग प्रत्यय, मग वस्तू असाच क्रम आहे. ‘रामाचा चेंडू’चाही क्रम तोच. मराठी मूल ‘रामाज् बॉल’ म्हणेल, पण क्रम चुकणार नाही.

मग अडतं कुठे? एक, आदरार्थी बहुवचनात. ‘आईचं नाव’ सांगताना मूल ‘तिचं’ म्हणतं, पण बाबा-आजोबांना पुष्कळ घरांत ‘ते’ आणि ‘त्यांचं’. मग ‘माय ग्रँडफादर’च्या पुढे ‘देअर नेम इज’ येतं. ही चूक अज्ञानाची नाही, संस्काराची आहे. शिक्षकाने सांगावं की इंग्रजीत आजोबांनाही ‘हिज’च, आणि त्याने आजोबांचा अपमान होत नाही. दोन, ‘हॅव’मध्ये. मराठीत ‘मला बहीण आहे’, ‘माझ्याकडे पेन आहे’, ‘कुत्र्याला शेपटी असते’; नातं, जवळची वस्तू आणि अवयव यांच्या वाटा वेगळ्या. इंग्रजीत तिन्हीला एक ‘हॅव’. मालकीचा पाठ ‘माय’पाशी थांबवून ‘हॅव’ दुसऱ्या महिन्यात घेण्यापेक्षा दोन्ही एकत्र घेणं शहाणपणाचं. तीन, ‘शी नेम’. लेखाच्या सुरुवातीला दिलेली ही चूक खरं तर प्रगतीची खूण आहे. पाठ केलेलं ‘माय नेम इज’ सोडून मूल स्वतः वाक्य जुळवायला लागलं की ती येते. ती येतच नसेल तर मूल फक्त पाठ म्हणून दाखवतंय.

हिंदीबद्दल थोडक्यात. १६ एप्रिल २०२५च्या शासननिर्णयाने मराठी-इंग्रजी माध्यमांत पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणली गेली, वादळ उठलं आणि २९ जूनला निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. राजकारण बाजूला ठेवलं तरी ‘हिंदी जवळची, म्हणून सोपी’ हा युक्तिवाद या शब्दवर्गापुरता तरी कच्चा आहे. मराठी माणसाची हिंदी ओळखू येते ती ‘मैंने मेरी किताब ली’ या वाक्यावरून. हिंदीला तिथे ‘अपनी’ लागतं. ‘माझं पुस्तक’ नपुंसक, ‘किताब’ स्त्रीलिंगी. ‘माझं घर’ नपुंसक, हिंदीत ‘मेरा घर’. ज्या वयात मूल ‘माझे’ आणि ‘माझं’ यांची लेखनातली सांगड घालत असतं, त्याच वयात जवळची पण वेगळी रूपं शेजारी ठेवली तर सरमिसळ होणारच.

शिकवण्याच्या रीतीकडे येऊ. व्याकरणाचे नियम शिकवून लहान मुलांचं लेखन सुधारतं का, यावर इंग्लंडमध्ये बरंच काम झालं. डॉमिनिक वाईज आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली सहा-सात वर्षांच्या मुलांवरच्या मोठ्या चाचणीचे निकाल दिले: व्याकरणाच्या खास पाठांनी मुलांच्या गोष्ट लिहिण्यात लक्षणीय सुधारणा झाली नाही. आपल्याकडे निपुण भारत अभियानाचा भर मौखिक भाषा आणि समजून वाचण्यावर आहे, ही दिशा बरोबर आहे. पण मौखिक भाषा म्हणजे एका सुरात म्हणणं, असा अर्थ वर्गात लावला जातो, तिथे घोडं अडतं.

जे चालतं ते साधं आहे. टेबलावर पाच-सहा मुलांच्या वस्तू: डबा, पट्टी, टोपी, पाण्याची बाटली. शिक्षक एक उचलून विचारतो, ‘कोणाची?’ मालक म्हणतो ‘माझी’. त्याच वस्तूबद्दल शेजाऱ्याला विचारतो. तो म्हणतो ‘त्याची’ किंवा ‘तिची’. मग मालकाकडे वळून ‘तुझी’ म्हणायला लावायचं. एक वस्तू, तीन तोंडं, तीन शब्द. किमान तीन माणसं असल्याशिवाय हा पाठ होऊ शकत नाही, आणि चित्राच्या पुस्तकात ती नसतात. नेमकं इथेच द्विशिक्षकी, बहुवर्ग शाळेला फायदा आहे: पहिलीतलं आणि चौथीतलं मूल समोरासमोर बसू शकतं. इंग्रजीतही हाच खेळ ‘हूज?’ने चालतो. ‘माय बॅग’ आणि ‘माइन’ एकाच आठवड्यात आणू नयेत. ‘माइन’ला महिनाभर थांबवलं तरी कोणाचं अडत नाही, आणि ‘इट्स’चा अ‍ॅपॉस्ट्रॉफी तर मोठ्या माणसांनाही छळतो, तो प्राथमिकच्या बाहेरच ठेवावा.

चाचणीही त्याच रीतीची हवी. ‘रिकाम्या जागी माझा, माझी, माझे यांपैकी योग्य शब्द भरा’ हा प्रश्न मराठी घरातलं मूल डोळे मिटून सोडवतं आणि बाकीची मुलं ठोकताळ्याने. त्यातून कोणालाच काही कळत नाही. मुलाला शेजाऱ्याच्या दप्तरातल्या तीन वस्तू दाखवून त्यांच्याबद्दल बोलायला सांगितलं, तर दोन मिनिटांत चित्र स्पष्ट होतं.

पहिली-दुसरीच्या शिक्षकांना म्हणून एवढीच विनंती: ‘सर्वनाम’ हा शब्द चौथीपर्यंत फळ्यावर आला नाही तरी चालेल, तक्ता भिंतीवरून काढला तरी चालेल. ‘कोणाचं?’ हा प्रश्न मात्र रोज विचारा, आणि उत्तर ‘मनं’ किंवा ‘माहं’ असं आलं तर ते बरोबर धरा.